परदेशातील अल्पकालीन मिशन दौरा आणि मुलांमधली सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सात ते चौदा दिवसांसाठी परदेशी जाऊन तिथल्या मंडळीबरोबर, म्हणजे चर्चबरोबर, मुलांत काम करणाऱ्या टीमसाठी हे पान आहे. पुढचे बहुतेक नियम एकाच गोष्टीतून निघतात: टीम परत जाते, मुलं आणि त्यांचे संडे स्कूलचे (रविवारच्या बायबल वर्गाचे) शिक्षक तिथेच राहतात.

तयारीला किती आधी लागावं?

६ महिने. त्याहून कमी वेळातही दौरा होतो, पण मग मुलांचा कार्यक्रम यजमान मंडळीच्या गरजेवर न ठरता आपल्या कपाटात काय पडलंय त्यावर ठरतो. पहिलं काम तारखांचं, आणि तारखा तिथल्या मंडळीनं द्यायच्या. परीक्षा, पेरणी-कापणी किंवा सणाच्या दिवसांत टीम जाऊन बसली की मुलं येत नाहीत, नाहीतर शाळा बुडवून येतात. दोन्ही वाईट.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान ६ महिने उरलेली असावी. अनेक देश तेवढी मागतात. लसींसाठी डॉक्टरांकडे ६ ते ८ आठवडे आधी जा, कारण काही लसींचे डोस अंतरानं घ्यावे लागतात. पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचं प्रमाणपत्र पहिल्यांदा लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून ग्राह्य होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. गोवराच्या लसीची जुनी नोंद मात्र प्रत्येकानं शोधून काढावी. गोवर मुलांकडून आपल्याला होतो तसा आपल्याकडून मुलांनाही होतो, आणि लसीकरण अपुरं असलेल्या वस्तीत तो जीव घेतो.

यजमान मंडळीला नेमकं काय विचारायचं?

"तुम्हाला काय हवंय?" असं विचारलंत तर "तुम्ही जे आणाल ते चालेल" हेच उत्तर येईल. ते सौजन्य असतं, माहिती नसते. म्हणून प्रश्न मोजता येतील असे विचारा. दर रविवारी किती मुलं येतात? आतापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाला किती आली होती? वयं काय? संडे स्कूलचे शिक्षक किती आणि ते त्या आठवड्यात दिवसा मोकळे आहेत का? जागेवर छप्पर आहे का, वीज कधी जाते, पिण्याचं पाणी कुठून येतं, संडास किती आणि मुलामुलींचे वेगळे आहेत का? इतर धर्मांच्या घरांतली मुलं येतात का, आणि ती कुठे येतात हे त्यांच्या आईवडिलांना ठाऊक असतं का?

आणि एक प्रश्न शेवटी, थोडी ओळख झाल्यावर: मागच्या टीमनं केलेलं काय पुन्हा नको? खरी माहिती इथे मिळते.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन मुलांना बायबल शिकवलं तर चालतं का?

अनेक देशांत नाही, अगदी बिनपगारी असलात तरी. कोणत्या व्हिसावर काय करता येतं ते त्या देशाच्या दूतावासाच्या नियमांत पाहा आणि लेखी उत्तर मागा. धर्मांतराविरुद्धचे कायदेही पाहा. नेपाळच्या २०१७ च्या फौजदारी संहितेत दुसऱ्याचं धर्मांतर करणं किंवा त्यासाठी प्रोत्साहन देणं गुन्हा आहे. ५ वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड, आणि परदेशी व्यक्तीला शिक्षेनंतर देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे. व्यवहारात परदेशी माणूस विमानात बसतो आणि चौकशीला सामोरं जातात ते तिथले पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर. त्यामुळे "देव बघून घेईल" हे वाक्य टीमनं दुसऱ्याच्या जिवावर बोलू नये.

व्हिसाच्या अर्जात खोटं लिहायचं नाही. खरं लिहून जाता येत नसेल तर त्या देशात मुलांचा कार्यक्रम करायचा नाही. तिथल्या शिक्षकांना ऑनलाइन प्रशिक्षण देता येतं का ते पाहावं.

टीममधल्या सगळ्यांची पोलीस पडताळणी हवीच का? मंडळीत तर सगळे ओळखीचे.

हवीच. सगळ्यांची: पाळकांची, त्यांच्या मुलाची, फोटो काढणाऱ्याची, फक्त स्वयंपाकाला येणाऱ्याचीही. त्याबरोबर लेखी अर्ज, नातेवाईक नसलेल्या दोघांची शिफारस, समोरासमोर मुलाखत आणि आचारसंहितेवर सही. मुलांना इजा करणारे लोक जिथे चौकशी होत नाही तिथेच जातात, आणि परदेशातली आठवड्याभराची सेवा त्यांना सोयीची असते: भाषा वेगळी, तक्रार करायला कोणी नाही, आठव्या दिवशी माणूस पसार.

पडताळणीचा कागद फक्त पूर्वी पकडल्या गेलेल्यांबद्दल सांगतो. म्हणून त्यावर विसंबून राहायचं नाही. खरी भिंत पुढच्या नियमाची आहे. "सेवकांवर संशय घेता?" असं कोणी विचारलंच तर मत्तय १८:६ वाचायला द्यावं: तिथे जात्याची मोठी तळी सांगितली आहे ती लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यासाठी.

दोन प्रौढांचा नियम म्हणजे नेमकं काय?

कोणतंही मूल कधीही एकट्या प्रौढाबरोबर बंद किंवा नजरेआड जागेत असणार नाही. निदान दोन प्रौढ हजर हवेत, आणि ते एकमेकांचे नातेवाईक नसावेत; नवराबायकोची जोडी या हिशेबात एकच धरा. १८ वर्षांखालचा टीममेंबर प्रौढ धरायचा नाही. दुभाषी धरायचा, पण त्याची पडताळणी झाली असेल तरच.

नियम मोडतो तो ठरलेल्या जागी. पहिली जागा संडास: लहान मुलाला घाई असते आणि जवळ जो असतो तो घेऊन जातो. हे काम तिथल्याच बाईंकडे द्यावं. आपल्या माणसानं दाराबाहेर, दिसेल असं उभं राहावं. दुसरी जागा गाडी. कार्यक्रम संपल्यावर उरलेल्या एका मुलाला "वाटेत सोडतो" म्हणून एकटा स्वयंसेवक घेऊन जातो. ते मूल यजमान शिक्षकांसोबतच जाईल. तिसरी जागा प्रार्थनेची. मूल रडतंय म्हणून कोणी त्याला कोपऱ्यात नेऊन दार लोटतं. प्रार्थना सगळ्यांना दिसेल अशा जागी, आवाज ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर करता येते.

किती मुलांमागे किती माणसं?

ब्रिटनमधली बालसंरक्षण संस्था एनएसपीसीसी जे प्रमाण सुचवते ते आधाराला घ्या: २ ते ३ वर्षांच्या ४ मुलांमागे एक प्रौढ, ४ ते ८ वर्षांच्या ६ मुलांमागे एक, ९ ते १२ वर्षांच्या ८ मुलांमागे एक, त्यापुढे १० मागे एक. परक्या भाषेत हे प्रमाणही कमीच पडतं, कारण "थांब!" हा शब्द दुभाष्यामार्फत पोहोचेपर्यंत मूल रस्त्यावर गेलेलं असतं. थांब, बस, ये, पाणी, दुखतंय का, हे पाच शब्द तिथल्या भाषेत पाठ करूनच विमानात बसा.

मुलं येऊन बिलगतात, मांडीवर बसतात. जवळ घ्यायचं की नाही?

मुलानं पुढाकार घेतला तर खांद्यावर हात, बाजूनं हलकंसं जवळ घेणं, टाळी देणं, तेही सगळ्यांसमोर. मांडीवर घेणं, पाठुंगळी बसवणं, गुदगुल्या, पापे नाहीत. शाळकरी मूल मांडीवर चढलं तर झटकू नका. शेजारी बसवा आणि हातात काहीतरी काम द्या. पेन्सिली वाटायला दिल्या की बहुतेक मुलं खूश होतात.

अनाथाश्रमात आठवडाभर सेवा करायची इच्छा आहे. काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि इथे आम्ही आडपडदा ठेवत नाही: मुलांना सांभाळायला किंवा त्यांच्याशी खेळायला अनाथाश्रमात टीम नेऊ नका.

पहिलं कारण लहान मुलांच्या मनाचं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात मांडलं की मुलाची वाढ एका स्थिर, परत परत भेटणाऱ्या माणसाशी जडलेल्या नात्यावर उभी असते. संस्थेतल्या मुलाला दर महिन्याला नवी टीम मिठ्या मारते, खेळणी देते, रडत निरोप घेते आणि पुन्हा दिसत नाही. काही मुलं मग कोणालाही लगेच बिलगतात. पाहुण्यांना ते प्रेमळपण वाटतं; बालमानसतज्ज्ञांच्या नजरेत ते धोक्याचं लक्षण असतं, कारण असं मूल कोणाच्याही मागे जातं.

दुसरं कारण पैशाचं. अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात असतात. मूल तिथे पोहोचतं ते गरिबीमुळे किंवा शाळेच्या आशेनं. परदेशी पाहुणे आणि देणग्या येऊ लागल्या की मुलं "मिळवण्या"साठी दलाल गावोगाव फिरतात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनं २०१७ च्या आधुनिक गुलामगिरीवरील अहवालात या तस्करीची विस्तारानं दखल घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर २०१९ मध्ये बालहक्कांवरचा ठराव केला, त्यात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेतून आणि पर्यटनातून होणारी हानी रोखण्याचं आवाहन आहे.

याकोब १:२७ मध्ये अनाथांचा समाचार घ्यायला सांगितलं आहे, तो समाचार घरी राहूनही घेता येतो. मूल आईवडिलांकडे, आजीकडे किंवा पालक कुटुंबाकडे परत जावं म्हणून काम करणाऱ्या तिथल्या संस्थेला पाठबळ द्या. टीम जाणारच असेल तर तिनं इमारतीची दुरुस्ती करावी, कर्मचाऱ्यांना प्रथमोपचार शिकवावेत, मुलं शाळेत असतील त्या वेळात.

तीन तासांचा कार्यक्रम कसा बसवायचा?

९ वाजता नोंदणी. ९:२० ला गाणी, पहिलं गाणं मुलांना येणारं. ९:४० ला गोष्ट, दुभाष्यासह २५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. १०:०५ पासून तीन गट तीन ठिकाणी फिरतात: हस्तकला, खेळ, पाठांतराचं बायबलचं वचन. प्रत्येकी २५ मिनिटं आणि जागा बदलायला ५. ११:३५ ला खाऊ आणि सोडणं.

गट वयानुसार: ३ ते ५, ६ ते ८, ९ ते १२. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना लहानांत बसवलं की ती खिडकीतून दगड मारतात. त्यांना मदतनीस करा, गळ्यात पट्टी द्या, खेळाची रेघ आखायला लावा.

गट बदलण्याच्या ५ मिनिटांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. गट शिट्टीवर हलवू नका, कारण शिट्टी खेळातही वाजते. टाळ्यांची एखादी लय ठरवा: टीमनं वाजवायची, मुलांनी परत वाजवायची. दुसऱ्या दिवसापासून ती घोषणेपेक्षा लवकर काम करते.

आणि शिकवणार कोण? पहिल्या दिवशी टीम, दुसऱ्या दिवशी अर्धं-अर्धं, तिसऱ्या दिवसापासून यजमान शिक्षक पुढे आणि टीम मागे. परदेशी माणूस पुढे असला की गर्दी वाढते हे खरं आहे. पण मग पुढच्या रविवारी त्याच शिक्षिका पुढे उभ्या राहिल्या की मुलांना त्या फिक्या वाटतात.

दुभाष्याबरोबर गोष्ट कशी सांगावी?

निम्मी करून. दुभाष्यासह १० मिनिटांची गोष्ट १० मिनिटांतच बसवायची असेल तर तुमच्या वाट्याला ५ येतात. मजकूर दोन आठवडे आधी पाठवा, आणि तो पाठवल्यावर त्यात नवा विनोद घालू नका.

बायबलमधली जक्कयची गोष्ट घ्या. फरक असा पडतो. "तर मुलांनो, जक्कय, जो खरंतर फार श्रीमंत असूनही उंचीला अगदीच कमी असल्यामुळे, गर्दीत ज्याला काही दिसेना..." इथे थांबून दुभाष्याकडे पाहिलं तर त्याच्या हातात अर्धं वाक्य असतं, क्रियापद नसतं. तो अंदाजानं काहीतरी बोलतो, किंवा गप्प राहतो आणि मुलं आपसांत बोलू लागतात. त्याऐवजी: "जक्कय बुटका होता." थांबा. "त्याला येशूला पाहायचं होतं." थांबा. "समोर गर्दी." टाचा उंचवा. "तो धावला. झाडावर चढला." एका वाक्यात एक कृती, आणि हातवारा तुमच्या शब्दाबरोबर करा, दुभाषीही तोच करेल.

नजर मुलांकडे ठेवा, दुभाष्याकडे नाही. वचन मुलांच्याच बायबलमधून त्यानं थेट वाचावं. तुमचं वाचून पुन्हा भाषांतर करू नये. मराठी बायबलात जक्कय उंबरावर चढतो. त्यांच्या बायबलात ज्या झाडाचं नाव असेल तेच चित्रात काढा. सलग तास-दीड तासानंतर दुभाष्याचा मेंदू थकतो आणि चुका वाढतात. तीन तासांना दोघं हवेत, आणि त्यांना जेवणाच्या वेळी मोकळं सोडा. दुपारच्या जेवणातही टीमच्या गप्पांचं भाषांतर त्यांनाच करावं लागतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कोणत्या गोष्टी निवडाव्यात?

ज्यांत करण्यासारखं काही आहे: वादळ शांत होणं (मार्क ४), हरवलेलं मेंढरू (लूक १५), जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या घेऊन आलेला मुलगा (योहान ६). पाच दिवसांना पाच गोष्टी पुरतात. ज्या भागात नुकताच पूर किंवा युद्ध झालंय तिथे जलप्रलय आणि गल्याथ (दावीदानं लढाईत मारलेला धिप्पाड योद्धा) या गोष्टी यजमानांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

एकेका रंगाच्या पानानं येशूचा संदेश सांगणाऱ्या बिनशब्दांच्या पुस्तिकेबद्दल हमखास विचारतात. इंग्लंडमधले धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी १८६६ मध्ये काळा, लाल आणि पांढरा हे तीन रंग वापरून ती कल्पना मांडली. सोनेरी रंग नंतर आला. ती हलकी आहे, भाषा लागत नाही, म्हणून टीमला आवडते. पण काही समाजांत पांढरा हा शोकाचा रंग आहे, आणि काळ्या वर्णाच्या मुलांसमोर "काळं म्हणजे पाप" म्हणणं तर घावच आहे. वापरायचीच असेल तर काळ्याला अंधार म्हणा, आणि आधी यजमान शिक्षकांना दाखवा.

मुलांना हात वर करायला सांगून येशूला स्वीकारण्याचा निर्णय घ्यायला लावावा का?

आमचा सल्ला: नाही. सहा वर्षांचं मूल पाहुण्याला खूश करायला हात वर करतं, शेजाऱ्याचा वर गेला म्हणून करतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करतं. हात मोजून आकडा मायदेशी कळवला जातो; मग तीच मुलं पुढच्या टीमच्या आकड्यातही येतात. ज्याला येशूविषयी आणखी विचारायचंय त्यानं तिथल्या शिक्षकांशी बोलावं, असं जाहीर सांगा आणि ते शिक्षक कोण ते दाखवा. मूल दुसऱ्या धर्माच्या घरातलं असेल तर आईवडिलांच्या माहितीशिवाय पुढचं काहीच नाही. बाप्तिस्मा हा विषय टीमचा नाही.

हस्तकलेचं सामान किती न्यावं?

१०० मुलं सांगितली असतील तर १२० संच. प्रत्येक मुलाचा संच आधीच वेगळा केलेला, आणि १०-१० संच एका पिशवीत. पिशवीवर वयोगट आणि दिवस लिहा. तिथे गेल्यावर मोजत बसलात की मुलं पिशव्यांभोवती गोळा होतात आणि मोजणी संपतच नाही.

गोंदकांडी ४ मुलांत एक, बोथट टोकाची कात्री ३ मुलांत एक. ६ वर्षांखालच्यांसाठी सगळं आधीच कापून न्या. पायऱ्या चारपेक्षा जास्त नकोत. आधी त्याच वयाच्या, काहीही न सांगितलेल्या मुलाकडून घरी करून घ्या, घड्याळ लावून. आलेल्या वेळेची दीडपट धरा. प्रत्येक गटासाठी पूर्ण झालेला एक नमुना हवा, कारण मुलं सूचना ऐकत नाहीत, नमुना पाहतात.

बिघडतं काय? उन्हात उभ्या गाडीत मेणाचे खडू आणि गोंदकांड्या वितळतात. पातळ गोंदाची बाटली सामानात फुटते. उघड्यावर वारा कागद उडवतो. चिमटे न्या, दगड तिथे मिळतात. चमकी नेऊ नका, ती डोळ्यांत जाते आणि उरते ती यजमानांना महिनाभर झाडावी लागते. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती ३ वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. फुगे ८ वर्षांखाली नाहीत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात बसला तर काढता येत नाही.

कात्र्या चेक-इन सामानात, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. सामान एकाच पेटीत भरू नका: प्रत्येक पेटीत प्रत्येक दिवसाचं थोडं थोडं, आणि पहिल्या दिवसाचं, कात्र्या सोडून, पूर्ण हातातल्या बॅगेत. पेटी हरवते ती नेमकी हस्तकलेची, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

पहिल्या दिवशी ८० मुलं आली, तिसऱ्या दिवशी २०० झाली. आता काय?

हे होणारच, खाऊची बातमी पसरते. म्हणून पहिल्या दिवसापासून नोंदणी हवी: मुलाचं नाव, वय, घरचं मोठं माणूस, कुठली ॲलर्जी, घरी कोण नेणार. मनगटाला गटाच्या रंगाची कापडी फीत. हातावर पेनानं आकडे लिहू नका. ते पुसले जातात, आणि तसंही माणसावर आकडा घालू नये.

किती मुलांना सुरक्षित सांभाळता येईल तो आकडा यजमानांशी आधीच ठरवा. तो ओलांडला की यजमानांनी, टीमनं नव्हे, जाहीर सांगायचं: आज गाणी आणि गोष्ट सगळ्यांना, गट नोंदणी झालेल्यांचे. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येतात. बाळ घरी ठेवून ये म्हटलं तर मुलगीच येणार नाही. चटई टाकून एक कोपरा द्या, तिथे मंडळीतली एखादी आजी बसवा.

सुटताना एकच दार, एकच टेबल, आणि ज्यांनी सकाळी नावं लिहिली त्याच शिक्षिका. नाव पुकारायचं, नेणाऱ्याकडे पाहायचं, खूण करायची. एकटं चालत येणारं मूल एकटं जाईल, पण तशी नोंद पालकांनी आधी केलेली असावी.

भेटवस्तू, खाऊ, कपडे?

खाऊ मुलांत फेकायचा नाही. कधीच नाही. मोठी मुलं लहानांवर पडतात. खाऊ निघताना दाराशी, एकेकाला, यजमान शिक्षकांच्या हातून. शेंगदाणे किंवा सुकामेवा असलेलं काही नको. फुटबॉल आणि हवेचा पंप तिथेच विकत घेऊन संडे स्कूलच्या कपाटात ठेवा; एका मुलाला दिलेलं खेळणं संध्याकाळपर्यंत त्याच्या हातात राहत नाही, आणि जाताना मार मिळतो तो वेगळा. जुने कपडे नेऊ नका.

मूल आजारी पडलं किंवा लागलं तर?

टीमनं मुलांना औषध द्यायचं नाही, डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही. मुलाचं वजन, आधीची औषधं, ॲलर्जी यांतलं काहीच आपल्याला ठाऊक नसतं. जखम हातमोजे घालून स्वच्छ पाण्यानं धुवा, झाका, घरच्यांना सांगा. जुलाब होत असतील तर यजमानांनी जलसंजीवनी द्यावी आणि घरी कळवावं. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितकंच घालावं, बहुतेक पाकिटांना १ लिटर. कुत्रा चावला तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना. सगळ्यात जवळचा दवाखाना कुठला, तिथे जायला किती वेळ लागतो आणि गाडी कोणाची, हे पहिल्या दिवसाच्या आधी भिंतीवर लावलेलं असावं.

फोटो काढायचे का?

टीममध्ये एकाच्याच हातात कॅमेरा. बाकीचे फोन बॅगेत. संमती यजमानांमार्फत, पालकांची, लेखी. मुलानं मान फिरवली तर संमती असूनही नाही. नाव, शाळेचा गणवेश, घर, गावाची पाटी फोटोत नको, आणि फोनमधली ठिकाणाची नोंद बंद. फोटो टीम देशाबाहेर पडल्यावरच टाका. जिथे मंडळीला छळ सोसावा लागतो तिथे मुळीच नाही. नाक गळणाऱ्या, उघड्या अंगाच्या मुलाचा फोटो देणग्या आणतो, म्हणूनच तो काढायचा नाही. स्वतःच्या लेकराचा तसा फोटो अनोळखी लोकांना दाखवाल का, तेवढं पाहा.

मुलानं सांगितलं की त्याला कोणी मारतं किंवा वाईट वागवतं. काय करावं?

शांतपणे ऐका. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुझ्या मदतीसाठी एकाला सांगावं लागेल" म्हणा. खोदून विचारू नका, आणि "काकांनी केलं का?" असं नाव तर कधीच पुरवू नका. ऐकल्यावर लगेच, मुलाचेच शब्द, तारीख आणि वेळ घालून लिहा. दुभाष्याकडून त्याच्या भाषेतले मूळ शब्दही लिहून घ्या. त्याच दिवशी बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला कळवा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला टीमनं जाब विचारायचा नाही; टीम निघून जाते आणि मूल त्याच घरात उरतं.

तो माणूस यजमान मंडळीतलाच असेल तर? म्हणून निघण्याआधी दोन नावं ठरलेली हवीत, एक मंडळीतलं आणि एक मंडळीबाहेरचं: तिथली बालसंरक्षण यंत्रणा किंवा हेल्पलाइन. आरोप टीममधल्या माणसावर असेल तर त्याला त्याच क्षणी मुलांपासून दूर करा, तिथल्या कायद्याप्रमाणे कळवा आणि गुपचूप मायदेशी पाठवू नका.

मूल फोन नंबर मागतं, पैसे मागतं, "मला घेऊन चला" म्हणतं.

नंबर आणि सोशल मीडियावरची मैत्री नाही. पत्र मंडळीच्या पत्त्यावर. पैसे नाहीत, गरज खरी वाटली तर पाळकांच्या कानावर घाला, ते घर त्यांना ठाऊक असतं. "घेऊन चला" याला हसून "हो, पुढच्या वर्षी" म्हणू नका. मोठ्यांचा तो विनोद असतो; मूल मात्र वर्ष मोजतं.

टीममध्ये सोळा-सतरा वर्षांची मुलं नेता येतील का?

येतील, पण तीही मुलंच आहेत, म्हणजे वरचे सगळे नियम त्यांनाही लागू. दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र, वेगळी झोपायची सोय, वेगळे प्रौढ जबाबदार. खेळ आणि गाण्यांत ती मोठ्यांपेक्षा सरस असतात. गट एकट्यानं सांभाळायला देऊ नका.

ऐकू न येणारं किंवा चालू न शकणारं मूल आलं तर?

त्याच्या आईला विचारा; तिला सगळं माहीत असतं. चालता येत नसेल तर खेळ बसून खेळायचा करा, सगळ्यांसाठीच. ऐकू येत नसेल तर पुढे, तुमचा चेहरा आणि हात दिसतील असं बसवा.

निघताना काय मागे ठेवायचं?

नोंदणीची वही यजमानांकडे, आपल्याकडे तिची प्रत नाही. पाचही दिवसांचे पाठ त्यांच्या भाषेत, चित्रांसह, छापलेले. उरलेले संच पिशव्यांसकट, नमुन्यांसह. शेवटच्या दिवशी मुलं गेल्यावर शिक्षकांबरोबर दोन तास बसा: काय चाललं, काय फसलं, कोणत्या मुलाकडे लक्ष हवं. या बैठकीत टीमनं कमी बोलावं. मुलांचा निरोप अर्धा तास आधीच, रोजच्या वेळी, रोजच्याच गाण्यानं झालेला असावा, आणि दारातल्या टेबलावर नेहमीच्या शिक्षिका नावं पुकारत असाव्यात.